उपासाला चालणारं नळकांडं

काकाच्या डोक्यात लोखंडी बत्ता घातला तेव्हा मी नववीत होते. हे आधीच सांगून टाकते. इतकी वर्षं ही गोष्ट दुसरीच्या नावावर खपली आणि मी ती खपू दिली, तेव्हा निदान लिहिताना तरी लपवालपवी नको. काकाला मी इथे अहोजाहो करणार नाही. तोंडावर जन्मभर केलं, तेवढं पुरे झालं.

आमचं घर जळगावात, रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीत. एकामागे एक तीन खोल्या आणि पुढे सिमेंटचा ओटा. घरात नाना म्हणजे माझे वडील, आई, मी, नानांचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. नाना शाळेत क्लार्क होते. काका डाळ मिलमध्ये मशिनवर होता. दिसायला देखणा, हसतमुख, गल्लीतल्या कुणाच्या घरी मयत झाली की तिरडी बांधायला पहिला हजर. बाहेर त्याच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता. तो घरात आला की मात्र आम्ही सगळे आधी त्याच्या चपला काढण्याचा आवाज ऐकायचो. चपला नीट ठेवल्या तर बरं, भिरकावल्या तर काकूचं काही खरं नव्हतं.

मिलमधल्या मशिनचा पट्टा तुटला होता, त्याचा हातभर तुकडा त्यानं घरी आणला होता. रबर आणि कॅनव्हासचा, बोटभर जाड. तो दारामागच्या खिळ्याला टांगलेला असायचा. पाहुण्यांना वाटायचं, वस्तऱ्याला धार लावायचा असेल. त्या पट्ट्यानं काका काकूला मारायचा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, कमी झालं म्हणून, लग्नाला पाच वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही म्हणून, चारचौघांत तिच्या तोंडून माहेरची अहिराणी निघाली म्हणून. कारण त्याला शोधावं लागायचं नाही. धुणं धोपटताना येतो तसा आवाज मधल्या खोलीतून यायचा, आणि आमच्या घरात त्या आवाजाच्या वेळी प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. नाना चपला घालून ओट्यावर जायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी पाण्याच्या टंचाईवर बोलायचे. आई मिक्सर लावायची. भांड्यात काही नसायचं, मिक्सर कोरडाच फिरायचा. लाईट गेलेले असले तर ती खलबत्ता घेऊन बसायची आणि रिकाम्या खलात बत्ता आपटायची. मी इतिहासाचं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायचे. पानिपतचे सगळे सरदार माझे असेच पाठ झाले.

काकू ओरडायची नाही. मला त्याचा फार राग यायचा. खरं सांगायचं तर काकापेक्षा तिचाच राग जास्त यायचा. मी स्वतः मारकुटी होते. शाळेत एकीनं माझ्या वहीवर शाई सांडली तेव्हा मी तिच्या कानातलं डूल ओढलं होतं आणि तिचा कान फाटला होता. घरी तक्रार आली, नानांनी मला फोडून काढलं, आणि शेजारीण आईला म्हणाली, पोरगी काकावर गेली. आईनं तिच्याशी महिनाभर अबोला धरला. पण शेजारीण काही खोटं बोलली नव्हती.

काकू पिंपळनेरची. माहेरी दोन भाऊ, दोघेही दुसऱ्याच्या शेतात राबणारे. पहिल्या वर्षी एकदा मार खाऊन ती तिकडे निघून गेली होती, तर तिसऱ्या दिवशी थोरल्या भावानंच तिला परत आणून सोडली आणि काकाच्या पाया पडून गेला. त्यानंतर त्यांनी दिवाळीलाही तिला बोलावणं पाठवलं नाही. म्हणजे तिला राहायला आमचं घर सोडून दुसरी जागा नव्हती. राहायचं इथेच, आणि कमीत कमी मार खाऊन राहायचं, एवढंच तिच्यापुढे होतं.

मग एका महाशिवरात्रीला काकानं तिला मारलं. भगर खाली लागली होती, एवढंच. आणि बरोबर आठव्या दिवशी मिलमध्ये त्याचा उजवा हात पट्ट्यात गेला. दोन बोटांची पेरं तुटली. तो पांढरं बँडेज बांधून घरी आला, खाटेवर बसला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "उपासाच्या बाईवर हात टाकला, देवानं हात घेतला." तो रडत होता. मी त्याला रडताना तेवढं एकदाच पाहिलं. त्यानंतर उपासाच्या दिवशी त्यानं काकूला बोटही लावलं नाही. एकदा त्यानं खिळ्यावरून पट्टा काढला होता, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज तिची चतुर्थी आहे." त्यानं पट्टा परत टांगला, पाणी प्यायला आणि बाहेर निघून गेला. काकू भिंतीला टेकून उभी होती. तिनं आईकडे पाहिलं. मला वाटतं, त्याच दिवशी तिला रस्ता सापडला.

तोवर ती चार बायकांसारखे दोनचार उपास करायची. पुढच्या आठवड्यात तिनं सोमवार धरला. मग गुरुवार, मग शुक्रवार. चतुर्थी होतीच, दोन्ही एकादशा आल्या, प्रदोष आला. रविवारी मिलला सुट्टी असायची, काका दिवसभर घरात, आणि रविवारचा उपास तिला कुठे सापडेना. मग कुणीतरी सांगितलं की सूर्यनारायणाचा अळणी उपास रविवारी करतात. तोही धरला. एका सोमवारी तिनं रीतीप्रमाणे दिवेलागणीला उपास सोडला, जेवली, ताट घासून पालथं घातलं, आणि काका उठून दाराकडे गेला. उपास सुटला होता ना. तेव्हापासून ती दुसऱ्या दिवशी सकाळी तो मिलला गेल्यावरच उपास सोडायला लागली. आठवड्यातले मंगळवार, बुधवार आणि शनिवार तेवढे तिचे मार खायचे राहिले. काका त्या तीन दिवसांत कसर भरून काढायचा. तरी सातातले चार दिवस तिनं मिळवले होते, आणि त्यांवर ती जगत होती. शेंगदाणे, चहा, कधी उकडलेला आलू. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या. गल्लीतल्या बायका तिच्या पाया पडायच्या. घरात हे कुणी कधी बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. काकालाही कळत असणार. तो मूर्ख नव्हता, भित्रा होता.

त्या उन्हाळ्यात माझा मामा आखातातून सुट्टीवर आला. तो चोपड्याचा, तिकडे वेल्डिंगच्या कामाला होता. त्यानं आमच्याकडे साबणाच्या चार वड्या, एक टॉर्च आणि एक उभं गोल नळकांडं आणलं. पुठ्ठ्याचं, आतून चांदीसारखं चमकणारं, वर प्लॅस्टिकचं झाकण. बाहेर आलूचं चित्र. मामानं सांगितलं, वेफर्स आहेत. आम्हा जळगावकरांना वेफर्सचं कसलं आलंय कौतुक. केळीचे वेफर्स आम्ही शेरावारी आणायचो, एक जळका, एक तुटका, एक दुमडलेला. पण मामाच्या घरी त्यानं दुसरं एक नळकांडं उघडून दाखवलं होतं ते मी पाहिलं होतं. आतले सगळे वेफर्स एका मापाचे, एकाच बाजूला वाकलेले, आणि छपरावर घालायची कौलं रचून ठेवतात तसे एकावर एक बसवलेले. एकही तुटलेला नाही. मला ते पाहून विश्वासच बसेना की हा आलू आपल्यासारखाच मातीतून निघाला असेल.

आमचं नळकांडं आईनं फोडलं नाही. टीव्हीवर ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. मी रोज दुपारी ते कानाशी हलवायचे आणि मार खायचे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि त्याच सुमाराला एकादशी आली. सकाळी काकू नळावर हंडा भरता भरता चक्कर येऊन पडली. दोघी बायकांनी तिला धरून घरात आणलं. त्या आठवड्यात तिचे लागोपाठ उपास आले होते, पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आईनं तिला दिवसभर निजवून ठेवलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला काका पहिल्या पाळीहून आला, नानाही शाळेतून आले, लाईट नव्हते म्हणून सगळे स्वयंपाकघरातच खिडकीपाशी चहाला बसले. आईनं काकूकडे पाहिलं, उठली, टीव्हीवरचं नळकांडं आणलं आणि झाकण उघडून वरची पन्नी फाडली.

"खा," ती काकूला म्हणाली. "आलूचेच आहेत. उपासाला चालतात."

काकूनं नळकांडं हातात घेऊन चित्र नीट पाहिलं. "आलूनंच शे ना, अक्का?"

"आलूचंच. दिसत नाही का."

आईचं काय चुकलं? आमच्याकडे आलू म्हटला की तो उपासाचा. आलूच्या चकत्या करून तळल्या की झाले वेफर्स, त्यात आणखी काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही. काकूनं एक वेफर काढला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि जिभेवर ठेवला. मग दुसरा. मग ती भराभर खायला लागली आणि मध्येच लाजून थांबली. काका हसला. म्हणाला, "खाऊ दे, खाऊ दे, सकाळची पडलीय ती." त्यानं स्वतः नळकांड्यात हात घातला, तो आत जाईना, मग ते तिरकं करून त्यानं चार वेफर्स काढले आणि काकूच्या हातावर ठेवले. नाना हसले, आई हसली. आम्ही पाच जणं असे एकत्र बसून हसल्याचं मला दुसरं काही आठवत नाही.

मग काका माझ्याकडे वळला. "तू इंग्रजीत पहिली येतेस म्हणे. वाच बरं काय लिहिलंय त्याच्यावर."

मला तर तेच हवं होतं. मी नळकांडं घेतलं, खिडकीपाशी उजेडात धरलं आणि वर्गात वाचतात तसं ताठ उभं राहून वाचायला लागले. अक्षरं मुंगीएवढी होती. वाळवलेला बटाटा, तेल, मीठ असं मी एकेक शब्द वाचून मराठीत सांगत होते. एकदोन शब्द मला आले नाहीत, ते मी गाळले. मग एक शब्द चांगला ओळखीचा आला, आणि मी आनंदानं म्हणाले, "आणि गहू."

"काय म्हणालीस?" काकानं विचारलं.

आईनं माझ्याकडे डोळे वटारले. मी ते पाहिलं. मला त्या डोळ्यांचा अर्थ कळला होता, हे मी आज कबूल करते. पण काकाचा माझ्या इंग्रजीवर विश्वास नाही असं मला वाटलं, आणि ते मला सहन झालं नाही. मी त्याच्याजवळ गेले, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं सांगितलं, "गहू. गव्हाचं पीठ आहे यात. हे बघा, लिहिलंय."

काकूच्या तोंडात वेफर होता. ती चावायची थांबली. तिला तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

काका शांतपणे उठला. त्यानं कप मोरीत ठेवला, मधल्या खोलीत गेला आणि पट्टा घेऊन आला. "एकादशीला गहू खातेस?" तो म्हणाला. "माझ्या घरात? मग माझी बोटं कशापायी गेली?" आणि त्यानं तिच्या तोंडावरच पहिला फटका मारला. आजवर तो तोंडावर कधी मारायचा नाही, बाहेर दिसतं म्हणून. त्या दिवशी त्याला कसलीच पर्वा नव्हती. उपास मोडला होता, म्हणजे मधला देव बाजूला झाला होता, आणि कित्येक महिन्यांचे सोमवार, गुरुवार, रविवार त्याच्या हातात साठून राहिले होते. काकू आडवी झाली. तो तिच्या पाठीवर, मांड्यांवर, डोक्यावर धरलेल्या बोटांवर मारत राहिला. बांगड्या फुटल्या. तिच्या ओठातून रक्त आलं आणि ते हनुवटीवरच्या वेफरच्या भुग्यात मिसळलं.

नानांनी चपला घातल्या आणि ते ओट्यावर गेले. आई मिक्सरकडे वळली, लाईट नाहीत हे तिला आठवलं, तशी ती खाली बसली, खलबत्ता ओढला आणि रिकाम्या खलात बत्ता आपटायला लागली.

पण त्या दिवशी काकू ओरडली. पहिल्यांदाच. "मना उपास शे," ती ओरडत होती. "नका मारू, मना उपास शे." फटका बसला की पुन्हा तेच. तिनं हात जोडले, ते त्याच्या पायांना लावले, आणि तोंडातला तो वेफर जमिनीवर थुंकून त्याला दाखवला, की बघा, मी गिळला नाही. त्यानं तिचं डोकं पायानं त्या थुंकीवर दाबलं.

मी आईच्या हातातून बत्ता हिसकावला. काका पाठमोरा होता. मी दोन्ही हातांनी बत्ता उचलला आणि त्याच्या उजव्या कानावर मारला. मातीचं मडकं जमिनीवर आदळावं तसा आवाज झाला. तो वळायला लागला, पण पुरता वळलाच नाही. मी दुसऱ्यांदा मारलं, कानाच्या थोडं वर, आधीपेक्षा जोरात. पहिलं काकूसाठी मारलं. दुसरं मात्र मला मारावंसं वाटलं म्हणून मारलं. मला फार बरं वाटत होतं. तिसऱ्यांदा हात उचलला होता, पण तो स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर आपटून खाली पडला आणि त्याच्या कानातून रक्त यायला लागलं.

मग बाहेरून नानांचा आणि शेजाऱ्यांचा आवाज जवळ आला. काकू उठली. ती कशी उठली मला माहीत नाही, तिचा एक डोळा मिटला होता. तिनं माझ्या मुठीतून एकेक बोट सोडवून बत्ता काढून घेतला आणि स्वतःच्या हातात धरला. नाना आत आले, त्यांच्या मागे शेजारचे दोघं.

"कोणी मारलं?" नाना ओरडले.

"मी मारं," काकू म्हणाली. "पोरले काही बोलू नका. मी मारं."

ती आईकडे पाहत होती. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आई सगळं बघत होती, तिच्याच हातातून मी बत्ता घेतला होता. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. तिनं मला दंडाला धरून मोरीत नेलं, माझे हात साबणानं धुतले, फ्रॉकवरचे शिंतोडे ओल्या फडक्यानं पुसले आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तू आतल्या खोलीत अभ्यास करत होतीस." तो मामानं आणलेला वासाचा साबण होता.

काका वाचला. डॉक्टरला त्यानं मोरीत पाय घसरून पडल्याचं सांगितलं, कारण बायकोनं मारलं हे सांगणार कुठल्या तोंडानं. टाके पडले, आणि उजव्या कानानं त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही. त्यानं मारणारा हात पाहिला नव्हता, त्यामुळे त्यालाही तेच खरं वाटलं. दवाखान्यातूनच त्यानं निरोप पाठवला, मी घरी येईपर्यंत ती तिथं दिसता कामा नये. गल्लीतल्या बायका आल्या. ज्या तिच्या पाया पडायच्या त्याच म्हणाल्या, नवऱ्याच्या जिवावर उठणारी बाई घरात ठेवू नका, वयात आलेली पोरगी आहे तुमची. आई मान खाली घालून ऐकत होती. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते.

तिला पोचवायला नाना निघाले, आणि बाईमाणूस सोबत हवं म्हणून मला नेलं. गुरुवार होता. जळगावहून धुळ्याला आलो. पिंपळनेरची गाडी लागायला वेळ होता. नाना चौकशीच्या खिडकीकडे गेले आणि आम्ही दोघी स्टँडवरच्या बाकावर बसलो. काकूचा चेहरा अजून सुजलेला होता, पदर तिनं पुढे ओढून घेतला होता. समोरच्या गाड्यावर भजी तळत होते. ती उठली, स्वतः जाऊन कागदात भजी घेऊन आली, वर तळलेल्या मिरच्या, आणि खायला लागली. फुटलेल्या ओठाला तिखट झोंबत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ती खात होती. मी म्हणाले, "काकू, आज गुरुवार आहे."

"आते कसाना उपास, व माय," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तो हवा होता. तिनं मला एक थोबाडीत मारावी असं मला वाटत होतं. मी म्हणाले, मी नानांना खरं सांगते, आत्ता सांगते. मी उठलेसुद्धा. तिनं माझं मनगट धरलं. तिच्या तेलकट बोटांत इतका जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"उगी ऱ्हाय," ती म्हणाली. "तुनं लगीन व्हवानं शे अजून."

मी उगी राहिले. तिनं हात धरला म्हणून राहिले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मनगट तिनं लगेच सोडलं होतं. नाना दहा पावलांवर उभे होते, गाडी लागायला अजून बराच वेळ होता, आणि मी बाकावर बसून तिनं दिलेली भजी खाल्ली. पिंपळनेरला तिच्या थोरल्या भावानं दार उघडलं तेव्हा त्यानं आधी नानांच्या पायाला हात लावला आणि मग तिच्याकडे पाहिलं, ते पाहूनसुद्धा मी बोलले नाही.

वर्षभरात फारकतीचा कागद झाला आणि काकानं दुसरं लग्न केलं. मुलगी पहूरची, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. बडबडी होती, पायात पैंजण वाजवत घरभर फिरायची. पट्टा खिळ्यावर होताच. दोन महिने तो तिथंच राहिला, आणि मग एका शनिवारी नाना चपला घालून ओट्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी भगर निवडत बसलो होतो. नव्या काकूच्या मानेवर वळ होता. आई खाली बघत म्हणाली, "उद्यापासून सोमवार धर. उपासाच्या दिवशी ते हात उचलत नाहीत." आणि ती चहा ठेवायला उठली. एकादशीला मारलं म्हणून डोकं फुटलं असा काकाचा हिशोब होता, त्यामुळे त्याची भीती आता दुप्पट झाली होती. आईजवळ त्या पोरीला द्यायला एवढंच होतं, आणि ते तिनं दिलं.

नवी काकू माझ्याजवळ सरकली. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "पहिलीनं खरंच त्यांच्या डोक्यात बत्ता घातला होता?"

"हो," मी म्हणाले.

"तूच पाहिलं?"

"हो."

भगरीतला एक खडा तिनं काढून बाजूला ठेवला. "मग इतकी हिंमत होती तर इतके उपास कशाला करायची ती?"

खोलीत आम्ही दोघीच होतो, आई चुलीपाशी होती आणि काका मित्रांकडे गेला होता. त्या पोरीला खरं उत्तर कळणं जरुरीचं होतं. पहिलीनं काही मारलं नव्हतं, तिच्यात तेवढी ताकदच उरली नव्हती, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगू शकणारी मीच होते.

"देवभोळी होती," मी म्हणाले आणि भगरीचं ताट तिच्याकडे सरकवलं.